भरून दिलेली बंदूक

मी चौथी शिकलेला. पण होमगार्डात असताना बंदुकीचं जे डोक्यात बसलं ते अजून बसलंय. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर नळी उघडून, रिकामी आहे हे दाखवून द्यायची. तोंड निशाणाकडंच. चापावर बोट अगदी शेवटी. एवढ्याला काय कॉलेज लागतं?

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. बेल्ह्याजवळ आमच्या गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी नेमबाजीची स्पर्धा व्हायची. जुन्या खाणीच्या कड्यासमोर मडकी टांगायची, लायसनवाल्यांनी आपापल्या बंदुकीनं फोडायची. रेषेवर उभं राहून हुकूम द्यायचं काम माझ्याकडं.

त्या साली उद्घाटनाला एक पुढारी आणले. फेटा झाला, नारळ झाला, आणि गावातल्या एका बागायतदारानं स्वतःची दुनळी त्यांच्या हातात दिली.

मी म्हणालो, "आधी उघडून दाखवा."

बागायतदार हसला. "फोटोपुरती हाय राव. पावण्यांची झडती घेतो का आता?"

सगळे हसले. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "साहेब, इकडं बघा!" साहेब वळले, त्यांच्याबरोबर नळी वळली. तिकडं बायका बसलेल्या. पुढंच माझी बायको. आणि साहेबांचं बोट चापावर.

मी झेप घेऊन नळी वर ढकलली. बार आभाळात गेला. साहेब खाली बसले, फेटा धुळीत.

"भरलेली कशी?" मी बागायतदाराची गचांडी धरली.

"पावण्यांच्या हातात रिकामी कशी द्यायची? बरं दिसतं का?"

आमच्याकडं शेजारणीचं पातेलं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. या शहाण्यानं काडतूस घातलं!

माझी बायको उठली. "अवो भाऊ, पातेल्यानं कुणी मरतं व्हय?"

दुपारी यात्रेची कमिटी बसली. वाटलं, आता त्याला झापतील. तर मलाच म्हणाले, "पावण्यांचा फेटा पडला. माफी मागा, न्हाईतर रेषेवरचं काम सोडा." भरून देणाऱ्याला एक शब्द नाही! घरी आलो तर बायको म्हणाली, "माफी मागितली तर भाकरी न्हाई मिळायची." मी काम सोडलं. पुढच्या वर्षी रेषेवर कोण उभा? तोच बागायतदार!

बायको मागच्या पौषात तापानं गेली. दहाव्याला कमिटीतला एक जुना माणूस शेजारी बसून म्हणाला, "तवा माफी मागितली असती तर बरं झालं असतं. गावात उगाच वाकडेपणा आला."

मी म्हणालो, "त्या दिवसानंतर एवढी वर्षं ती माझ्या घरात वावरली. माझ्याशी भांडली, दुखण्यात मला उठवून बसवलं. त्याची माफी मागू व्हय रं?"

तो उठून उभा राहिला. मी त्याला बस म्हणालो नाही.