डाव्या पायाची करंगळी

इथले गूढ अनुभव मी नेहमी वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला काहीतरी साधं कारण शोधून देते. माझा जन्म कॉलेजच्या लायब्ररीत गेला. घरात देव्हारा नाही. ह्यांचे दिवसही घातले नाहीत, तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय...

आम्ही वाशीला राहायचो — आता मी राहते. हे मार्केटमधल्या हमालांचे अभ्यासवर्ग घ्यायचे. एका भाषणावरून आणि कपाटातल्या काही पुस्तकांवरून त्यांना अटक झाली. खटला काही उभा राहीना, आणि ते आतच. तुरुंग कोणता ते लिहीत नाही.

त्यांना जुना डायबेटिस. पायांची संवेदना गेलेली. खिळा रुतला तरी कळायचं नाही. म्हणून रोज दिवेलागणीला आमचा एक कार्यक्रम असे. निळा प्लास्टिकचा टब, कोमट पाणी. ते आधी मी कोपराने बघायची, कारण चटका त्यांना कळत नसे. मग पाय मांडीवर घेऊन टिपायचे, बेचक्यांतून, तळव्यावरून बोट फिरवायचं. ते वर बसून अग्रलेख वाचत. "या संपादकापेक्षा माझ्या पायांना जास्त कळतं," असं काहीतरी चाललेलं असे.

ते आत गेल्यावर मला एकच घोर लागला. हे पाय आता कोण बघणार?

भेटीला गेले की काचेपलीकडे विचारायची, "पाय बघता ना?"

"रोज. दोन्ही जागेवर आहेत."

"चेष्टा नको. तळवे?"

"अगं, या वयात तळवे बघायला मी काय योगी आहे? एकदा वाकलो की उठवायला शिपाई बोलवावे लागतील."

आरसा आत नेऊ देत नव्हते. डॉक्टर यायचे, शुगर तपासायचे, गोळ्या द्यायचे. बोलायला चांगले होते म्हणे. पण रांग मोठी, आणि तळवे बघणं हे कोणाचंच काम नव्हतं. बाहेरच्या हॉस्पिटलात न्यायचं तर सोबतीला पोलीस मिळत नसत.

एकदा अशीच भेटीहून परतत होते. तुर्भ्याला ट्रक अडकलेले, शेवटी रिक्षा सोडून चालत आले. पाय भरून आले होते म्हणून टब काढला — माझ्यासाठी. सवयीने कोपर बुडवलं. मग हात घातला, आणि हातात टाच आली.

घाबरले नाही. टाच ओळखीची होती, भेगांसकट. पाण्यात दिसत काहीच नव्हतं, निळा तळ तेवढा. पण हाताला वजन होतं. मी रोजच्यासारखं बोट फिरवलं. डावा पाय. करंगळीच्या खाली बोटाचं टोक आत गेलं... मऊ खड्डा. हात बाहेर काढून पुन्हा घातला, तेव्हा पाणी नुसतं पाणी होतं.

आमची वकील मृणाल, लेकीच्या वयाची. तिला लगेच फोन केला.

"काकू, काका बोलले का तसं?"

"नाही."

"मग कोर्टाला काय सांगू, टबात दिसलं?"

"दिसलं नाही. लागलं."

तिने कागद पुढे ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ओके. पत्नीला डाव्या पायाला जखम असल्याची दाट शंका आहे, एवढंच लिहिते. नसली ना, तर माझी शोभा होईल."

"नसली तर मी पेढे वाटीन गं."

पेढे वाटावे लागले नाहीत. कोर्टाने तपासायला सांगितलं. जखम तिथेच होती, त्यांना स्वतःलाही माहीत नसलेली. हॉस्पिटलात हलवलं. करंगळी गेली, पाय वाचला. वॉर्डात मी टॉवेल काढला तेव्हा पहाऱ्यावरचे हवालदार म्हणाले, "ताई, नियमात नाय बसत हे." आणि खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढे आजारपणावर जामीन मिळाला. टब पुन्हा निघाला. तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. खूप हसले. "तुझ्या बोटांना माझे पाय पाठ आहेत. आधी कुठे फाटणार, ते तुला ठाऊक होतं. अंदाज बरोबर आला, बस." मला ते पटलं. पटवून घेतलं.

थोड्या वेळाने पेपर खाली ठेवून म्हणाले, "मात्र एकदा बराकीत संध्याकाळी पायांना गरम लागलं होतं खरं. मला वाटलं, ताप आला."

ज्या पायांना चटका कळत नव्हता, त्यांना!

हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मागच्या हिवाळ्यात ते घरीच गेले, झोपेत.

कोणी म्हणेल, आत्मा. पण तेव्हा ते जिवंत होते. आणि आत्माच असेल, तर आता यायला कोणाची परवानगी हवी आहे? दिवेलागणीला मी टब भरते. कोपराने पाणी बघते, हात तळापर्यंत नेते, निवेपर्यंत तसाच ठेवते. तेव्हा कसं लागलं, मला माहीत नाही. आता का लागत नाही, तेही नाही.