एका बत्तीचं सासर

भिंत खोदण्याचं शिक्षण मी कुठंच घेतलं नव्हतं. तरी खोदली.

पांढुर्ण्यात तेव्हा सरकारनं गरिबांना एकबत्ती कनेक्शन द्यायचं ठरवलं. एका कुटुंबाला एक बल्ब, फुकट! बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, म्हणजे आम्ही हक्काचे गरीब. वायरमन आला अन् सैपाकघरात बल्ब टांगून गेला. इकडं आईला भाकर दिसायला लागली, पण बैठकीत मधीच शाळा सुटलेली ताई चिमणी पेटवून बाहेरून बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करायची. मॅट्रिक झाली तर मास्तरीण होईन, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. धुरानं बिचारीचे डोळे लाल व्हायचे.

मी कॉलेजात सायन्सला. (पहिल्याच वर्षाला, दुसऱ्यांदा.) म्हटलं, "मधल्या भिंतीले भोक पाडू. एक बल्ब, दोन खोल्या!"

"तुले जमन काय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी सायन्सवाला होय!"

रविवारी दुपारी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली. बैठकीत उभा राहिलो, तर मधली भिंत उजव्या हाताला. ध्यानात ठेवलं. सैपाकघरात गेलो, त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो अन् पुन्हा उजवीच भिंत खोदली. पाचव्या घावाला माती धाडकन पलीकडं पडली. आत डोकावलो तर शेजारच्या शांताकाकू ताट घेऊन बसलेल्या, अन् पिठल्यात आमच्या भिंतीचं ढेकूळ!

"अरे मुडद्या! काय करून राहिला?"

"काकू, उजेड आणून राहिलो."

काकूमागं त्यांची मंदा उभी होती. केसांत माती, अन् हसून हसून बेजार. मले लाज वाटली. (खोटं काहून सांगू, बरंही वाटलं.)

बाबा भोक बुजवायला निघाले तर काकूच आडव्या आल्या. फॉर्म भरायच्या वेळी त्या रामाकोन्याला माहेरी होत्या, म्हणून त्यांच्याकडं बत्ती नव्हती. "राहू द्या जी! पोट्ट्यानं पिठलं नासवलं, निदान उजेड त पडू द्या!"

मग मी बरोबर भिंतीलाही भोक पाडलं. बल्ब एक, खोल्या तीन, घरं दोन. ताई भोकाखाली बसून जोरजोरानं वाचायची, अन् पलीकडून मंदा तिच्या चुका काढायची.

परीक्षा आठ दिवसांवर आली अन् तपासणीला लाइनमन आला. एक भोक पाहिलं. दुसरं पाहिलं.

"ये क्या है? एका कुटुंबाची बत्ती दोन कुटुंबांत? कनेक्शन कापा लागते!"

त्यानं पक्कड काढली. ताई रडायलाच लागली. बाबा हात जोडून उभे. सायन्सवाला दाराआड.

तेवढ्यात भोकातून काकूचं डोकं बाहेर आलं. "दुसरं कुटुंब कुठून आलं जी? तो दाराआड लपला ना, तो माझा जावई होय!"

"जावई? लग्न कधी झालं?"

"होऊन राहिलं ना! घाई आहे काय तुम्हाले?"

लाइनमननं माझ्याकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं, अन् पक्कड पिशवीत टाकली. चहा प्याला अन् "शादी में बुलाना" म्हणून गेला. मी काकूंकडं पाहिलं, तर त्या खरकटं आवरून राहिल्या होत्या, जसं काही झालंच नाही!

ताई पास झाली, पुढं सौंसरच्या शाळेत मास्तरीणही झाली. मी त्याही वर्षी नापास. गल्लीत मात्र सगळे मले "जावईबापू" म्हणायला लागले होते. बाबा म्हणाले, "सरकारी माणसासमोर शब्द गेला बावा. पुन्हा तपासणी झाली त?" मी एकदाही नाही म्हटलं नाही. दोन वर्षांनी त्याच बल्बखाली हळद लागली.

आता घरात बारा बल्ब आहेत. पण भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी मंदा हातातून हातोडी हिसकून घेते.

"तुमी नका ठोकू बाप्पा! मागल्या वेळी भिंत चुकली त मी आली. आता कोन येईन, काही भरोसा नाई!"