वरचा पीळ

माझा मामा बेचाळीस वर्षं वायरमन होता. लोक खिशाला पेन लावतात तिथे त्याचा टेस्टर असायचा, म्हणून आमच्या भागात त्याला सगळे टेस्टरच म्हणत. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. कुणाच्या घरी गेला की चहा समोर येण्याआधीच त्याची नजर स्विचबोर्डावर जायची, आणि बोर्ड सैल दिसला की त्या चहाची चव गेलीच म्हणून समजावं. सैल जॉइंट म्हणजे ठिणगी आणि ठिणगी म्हणजे आग, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्यामुळे कुठलाही जोड पुरा झाला, की तो पक्कड लावून आणखी एक पीळ द्यायचा. त्याला तो वरचा पीळ म्हणायचा. त्याने जोडलेल्या वायरी घर पाडायच्या वेळी कापाव्या लागतात, सुटत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

घरातही त्याची तीच रीत होती. मुलीने किती वाजता परत यायचं, कुणाशी बोलायचं, काय शिकायचं, सगळं आवळून झाल्यावर वर एक पीळ. मामी म्हणायची, "सुंभ जळेल, पण यांचा पीळ काही जळायचा नाही," आणि हसायची. मामीला हसता येत होतं. मुलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, ते जमलं नाही. ती शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि पाहुण्यासारखी सुट्टीपुरती येऊ लागली.

मामीला दगडांचं वेड होतं. नदीच्या कोरड्या पात्रातून ती पिशव्या भरभरून गारगोट्या आणायची. मामा कुरकुरायचा, की इतरांच्या बायका भाजी आणतात आणि ही पाथरवटाचं सामान आणते. पण दगडांना झिलई येण्यासाठी ते महिनाभर फिरवावे लागतात हे कळल्यावर त्यानेच जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटारीवर फिरणारं एक लहान पिंप तयार करून दिलं. त्यात दगड, पाणी आणि पॉलिशची पावडर घालायची, दर आठवड्याला आधीपेक्षा बारीक पावडर, असे चार आठवडे. गॅलरीत ते पिंप दिवसरात्र घरघरत असायचं. मामाने मामीशी कौतुकाचा एक शब्द बोललेला मी ऐकलेला नाही. त्याचं जे काही प्रेम होतं ते त्या मोटारीत होतं, असं माझं मत आहे.

मामी आजारी पडली तेव्हा मुलीच्या नोकरीत कायम होण्याची परीक्षा तोंडावर होती. मामाने ठरवलं, तिला कळवायचं नाही. मामी अकरा दिवस दवाखान्यात होती. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा आणि मामा बाहेरच्या बाकड्यावर बसून सांगायचा, "बरी आहे. आत्ताच जेवली. झोपली आहे." मी शेजारीच बसलेली असायचे. त्या अकरा दिवसांत मी तोंड उघडलं नाही.

शेवटी निरोप मिळून बाराव्या दिवशी सकाळी ती येऊन पोचली, तेव्हा मामी जाऊन काही तास झाले होते. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "कधीपासून?" मामा म्हणाला, "अचानक झालं." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी फरशीकडे.

त्यानंतर वर्षभर बापलेकीचं बोलणं फोनवरच्या तीन वाक्यांवर आलं. मग एक दिवस तिचा मला निरोप आला. दोन महिन्यांनी एका रविवारी आईचे कपडे न्यायला येते आहे, संध्याकाळी पाचच्या गाडीने परत जाईन. आणखी एक गोष्ट विचारली होती. आजारी पडायच्या आधी आई म्हणाली होती, की पिंपात एक हिरवट दगड आहे, मधोमध भांग पाडल्यासारखी पांढरी रेघ असलेला, तो तुझा. तो आहे का?

तो होता. मामी दवाखान्यात असताना पिंप बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ते फिरतच राहिलं. मामी गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मामाने ते उघडलं, तर आत दगड आरशासारखे झाले होते. रेघेचा दगड बोटाच्या दोन पेरांएवढा, चपटा आणि पातळ होता. मामाला एकदम उभारी आली. नुसता दगड हातात काय द्यायचा, गळ्यात घालता येईल असा करून देऊ, म्हणाला. मला तेव्हाच कळलं, की त्याला माफी मागायची आहे आणि ती तोंडाने मागता येत नाही.

सोनाराने दगड उजेडात धरला आणि नकार दिला. भोक पाडलं तर रेघेवर फुटेल, त्यापेक्षा तारेत बांधून घ्या, म्हणाला. तसं बांधायला शिकवणारी एक बाई आहे, स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत, दर शनिवारी. "तारेचं काम मला कोण शिकवणार?" असं मामा रस्ताभर बडबडत होता. पण पुढच्या शनिवारी नवा शर्ट घालून तोच माझ्याआधी दारात उभा होता.

क्लासात सात मुली आणि एक टेस्टर. शिकवणारी बाई तिशीची असेल, गळ्यात चष्मा लोंबणारी, मोजकं बोलणारी. मामाने घरून आणलेली आपली पक्कड ऐटीत काढली. तिने ती पाहिली आणि बाजूला ठेवली. वायरमनच्या पकडीला दात असतात, मऊ तांब्याच्या तारेला ती चावते आणि चावा तसाच दिसतो. इथे गुळगुळीत, गोल टोकाची पक्कड लागते. बेचाळीस वर्षांची पक्कड बाजूला ठेवताना मामाचा चेहरा पाहवत नव्हता.

पहिल्या दिवशी त्याने जे बांधलं ते डीपीचं दार उघडल्यावर वायरींचा गुंता दिसतो तसं दिसत होतं. दुसऱ्या शनिवारी तार तुटली, तिसऱ्या शनिवारीही तुटली. प्रत्येक वेळी एकाच जागी, शेवटच्या टोकाशी, कारण सगळं व्यवस्थित झाल्यावर तो सवयीने वरचा पीळ द्यायचा. तार जितकी वाकवावी तितकी ताठर होत जाते आणि मग मोडते, हे बाईने त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि म्हणाली, "काका, तार दगडाला धरते, आवळत नाही. यातून वीज जायची नाहीये."

मुली हसल्या. मामा हसला नाही, पण त्या दिवशी त्याने वरचा पीळ दिला नाही. पुढे त्याचा हात बसत गेला. दोन जाड तारा दगडाच्या कडेने वळवायच्या, बारीक तारेने त्या जागोजाग बांधायच्या, पुढून चार टोकं कमानीसारखी दगडावर आणायची आणि वर कडी करायची. सरावाचे दगड तो वाटत सुटला. माझ्याकडे तीन आहेत. एक घातला की गळा हिरवा होतो, तरी मी तो घालते.

आठव्या शनिवारी त्याने रेघेचा दगड बांधला. पावणेदोन तास लागले, मान एकदाही वर नाही. बाईने ते लॉकेट कानाशी नेऊन हलवलं. आत दगडाचा अगदी बारीक टकटक आवाज आला. ती म्हणाली, एवढं सैल हवंच, झालं, आता याला हात लावू नका.

संध्याकाळी मी त्याच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेरच्या टेबलावर मामाही ते लॉकेट कानाशी धरून हलवत होता. टकटक. जन्मभर ज्या सैल जोडाच्या आवाजाला तो भ्याला, तसाच. दाताखाली खडीसाखर फुटावी तसा आवाज आला, म्हणून मी बाहेर गेले. मामाच्या हातात त्याची दातांची पक्कड होती आणि तारेतला दगड रेघेवर दुभंगला होता.

मामी गेली तेव्हाही मामाला रडताना मी पाहिलं नव्हतं. आता तो दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन रडत होता आणि सारखं एकच म्हणत होता, की सैल वाटला गं, सैल वाटला.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मामीच्या डब्यात तसाच दुसरा दगड होता. तोही हिरवट, त्यालाही पांढरी रेघ, खरं तर पहिल्यापेक्षा देखणा. तो मीच शोधून काढला. म्हटलं, तिने तो दगड कधी पाहिलेला नाही, तिला काय कळणार? मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तार कापली आणि रविवारी सकाळी उठून दुसरं लॉकेट बांधलं. ते सुरेख झालं होतं. आम्ही ते डबीत ठेवलं.

ती अकराला आली. आईचे कपडे काढले, घड्या घातल्या, दोन ढीग केले. मामा खुर्चीत बसून होता. जेवणं झाली. तीनच्या सुमारास तिने बॅगेची चेन लावली आणि विचारलं, "तो दगड?"

डबी टेबलावरच होती. मी ती पुढे सरकवणार एवढ्यात मामाने टेस्टरच्या खिशातून रुमाल काढला आणि तिच्यासमोर उलगडला.

"तुटलाय," तो म्हणाला. "काल, माझ्या हातून. त्या डबीत दुसरा आहे, छान आहे, पण तो तुझा नाही."

ती तुकड्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. पण मामा थांबला नाही.

"आणि तुझी आई अकरा दिवस दवाखान्यात होती. अचानक काही झालं नाही. मी तुला खोटं सांगितलं. ती रोज तुला विचारत होती."

ती खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "अकरा दिवस मला माहीत आहेत, बाबा. केसपेपरवर तारीख होती, त्याच दिवशी वाचली. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते." मग म्हणाली, "ती विचारत होती, हे माहीत नव्हतं."

मग ती रडली. मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याला ते येत नाही. त्याने पाण्याचा पेला तिच्याजवळ सरकवला आणि उभा राहिला.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, दोन्ही तुकडे एकत्र बांधता येतील का. मामा म्हणाला, तुटलेली कड धारदार आहे, टोचेल. ती म्हणाली, टोचू दे. मग तिने रेघेला रेघ लावून तुकडे चिमटीत धरले आणि मामाने नवी तार घेतली. तासभर दोघांची डोकी एकमेकांजवळ होती. एवढ्या जवळ मी त्यांना ती लहान असतानाही पाहिलं नव्हतं.

शेवटचं टोक आत वळवून झालं. मामाची पक्कड सवयीने परत त्या टोकाकडे गेली. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. त्याने पक्कड टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

तिने लॉकेट कानाशी धरून हलवलं.

"वाजतोय," मामा म्हणाला.

"वाजू दे," ती म्हणाली आणि तिने ते गळ्यात घातलं. पाचच्या गाडीला दहा मिनिटं राहिली होती. ती उठली नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ताई, ते फोनवर सांगायचे तेव्हा तू शेजारीच असायचीस ना?"

डबीतला दुसरा दगड अजून टेबलावरच होता. या वेळी मी फरशीकडे पाहिलं नाही. मी हो म्हटलं.