आमच्या तेर्सातली गाळलेली ओळ

आमच्या घरची प्रार्थना एका ओळीने तोकडी आहे, हे मला चर्चच्या पडवीत, गावातल्या सगळ्या पोरांच्या देखत कळलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये होई. फादर म्हणत आणि आम्ही सगळं समजल्यासारखी मान खाली घालून उभे. समजणारी प्रार्थना ती घरची, संध्याकाळचा तेर्स. भिंतीतल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, मेणबत्ती लावायची, गुडघे टेकायचे आणि जपमाळेचे मणी ओढत एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी पुरी करायची. संपलं की पोरांनी प्रत्येक मोठ्या माणसापुढे हात जोडून 'बेसांव' मागायचं, म्हणजे आशीर्वाद. भांडण असो की अबोला, बेसांव मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नसे. तोवर चुलीवरची आमटी आमची वाट बघत असे आणि आम्ही तिची.

पहिली अर्धी, देवाला बाप म्हणून हाक मारणारी, वडील म्हणत. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. तेव्हा मी बोबडंच बोलत होते. दुसरी अर्धी आईची. तीत रोजची भाकर मागायची आणि मोहात पडू देऊ नकोस म्हणून विनवायचं. भाकर आणि मोह या दोहोंच्या मध्ये आणखी काही असतं, हे मला सांगणार कोण? धाकटा भाऊ तर आईच्याच मागून म्हणे.

वडील गेले ते दर्यात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्या किनाऱ्यावर कोणी होडी लोटत नाही, मग तो हिंदू असो की किरिस्तांव. त्या वर्षी माझा काका हट्टाला पेटला, की पुनवेची वाट कशाला बघायची. वडील नको नको म्हणत त्याच्याबरोबर गेले. खाडीच्या तोंडाशीच होडी उलटली. काका पोहत किनाऱ्याला लागला. या सगळ्या प्रकाराचं आईकडे एकच वाक्य होतं, "तो एकटोच इलो." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो कुंपणापलीकडेच राहायचा, पण त्याच्याकडे बेसांव मागायला आम्हाला कधी पाठवलं नाही. आम्हीही त्याला माणसांतून वजा केला होता.

पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी फादर एकेका मुलाची प्रार्थना ऐकत. ही प्रार्थना चर्चच्या शिकवणीत कोणी शिकवत नसे. घरोघरी तेर्स होतो, पोरांना ती येतेच, असं सगळे धरून चालत. मी ठसक्यात म्हटली. फादर म्हणाले, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटली.

"मधलं राहिलं."

"नाही राहिलं. आमची अशीच आहे," मी म्हटलं. मागे पोरं खिदळली.

मग फादरनी ती ओळ सांगितली. आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही जशी क्षमा करतो, तशीच तू आम्हाला कर, अशा अर्थाची. मी जन्मात ऐकली नव्हती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या वयात कळलं. रोज गुडघे दुखेस्तोवर म्हटलेलं सगळं खोटं, असंच वाटलं.

मी तणतणत घरी आले. आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती.

"तू माका अर्धीच प्रार्थना शिकवलंस!"

वाटलं, ती दचकेल, जीभ चावेल, विसरले म्हणेल. तिने नुसते हात धुतले. तिला ठाऊक होतं! हा धक्का पहिल्याहून मोठा होता.

संध्याकाळी फादर स्वतःच घरी आले. बाकड्यावर बसून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ती ओळ का गाळता?"

आईने पदर सारखा केला. "फादर, ती ओळ म्हणजे आपणच देवाच्या हातात माप देवचां. मी जितक्या माफ करीन, तितक्याच माका कर. दिराक मी माफ करूक नाय. मगे ती ओळ म्हणान मी काय मागतंय? माका माफी नको म्हणान? आणि ही पोरां माज्यावांगडा म्हणतत. ह्येंच्यावर तां माप कित्याक घालू?"

मी दाराआड गार पडले. मला वाटलं होतं, आई देवाला फसवते. ती तर आम्हाला वाचवत होती.

फादर बाकड्यावरून पुढे झुकले. मग म्हणाले, "जमत नाही, तर तसंच सांगा देवाला. पण गाळू नका. सरकारात अर्ज द्यायचा तर मध्ये कारकून लागतो. बापाशी बोलायला काय लागतं? एवढा हक्क त्याने आपल्याला दिलाय, तो वापरा."

माझा ख्रिस्तप्रसाद अडला नाही. पण दुसऱ्या दिवशी तेर्सात आई त्या जागी थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, हां माका जमणा नाय." मग पुढे मोहाचं. माझ्या हातातली माळ निसटली. देवाशी असं बोलता येतं? तोंडावर? मेणबत्ती विझेल, नाहीतर कौलं तरी कोसळतील, म्हणून मी वर बघत राहिले. काही झालं नाही. मग ते रोजचंच झालं. धाकट्याला वाटलं, ओळ आहे ती हीच. तोही गळा काढून म्हणायचा, "देवा, हां माका जमणा नाय!" आई ओठ दाबून हसू आवरायची.

थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी दार उघडंच होतं, आमची पाठ दाराकडे. आईने तिचं वाक्य म्हटलं, धाकट्याने ओढलं, आणि मागून, अंगणातल्या खळ्यातून, एक घोगरा आवाज आला.

"माकाय जमणा नाय, वयनी. मी एकटोच इलंय, तां माजां माका माफ होणा नाय."

काका होता. कधीपासून उभा होता, देव जाणे. या माणसालाही रोज संध्याकाळ होते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी त्याच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली होती, आणि तो पलीकडे त्याच ओळीवर अडकून बसला होता.

आई वळली नाही. तिच्या बोटांतला मणी कितीतरी वेळ पुढे सरकला नाही. मग तिने उरलेली प्रार्थना पुरी केली. आम्ही तिच्याकडे बेसांव मागितलं आणि सवयीने चुलीकडे वळलो.

"काकाचां बेसांव रवलां," आई म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. धाकटा मात्र केव्हाच बाहेर पळाला होता. मी त्याच्यामागून गेले आणि हात जोडले. काकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला जाळ्यांचा वास येत होता.

आतून आईचा आवाज आला, "तेका सांग गो, भायर दंव पडता. भितर ये म्हणान."

मी निरोप सांगायला तोंड उघडलं. त्याने तो ऐकलाच होता. पण उंबऱ्याबाहेर उभा राहून तो माझ्याकडे बघत होता, येऊ का, असं विचारल्यासारखा. मी त्याला वाट देत बाजूला झाले.