वळणावरचा सेकंड गिअर

दादाच्या व्हॅनचा गिअरचा दांडा इतका ढिला झाला होता की गाडी न्यूट्रलला उभी असली की तो आपला आपणच गोल फिरायचा. इंजिनाच्या थरथरीमुळे फिरतो, हे मला कळत होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी पुढे मी ती चालवू लागल्यावर अकोल्यात सिग्नलला थांबलं आणि डाव्या बाजूला ते हलणं दिसलं की मी पटकन त्यावर हात ठेवायचे. हात ठेवला की दांडा जिवंत असल्यासारखा शांत व्हायचा. हे मला मुळीच आवडत नसे.

दादा माझा मोठा भाऊ. बार्शीटाकळीच्या आजूबाजूच्या मळ्यांवर विहिरीच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा. लोक ज्या काळात असल्या व्हॅन भंगारात काढत होते, त्या काळात ह्या शहाण्यानं ती विकत घेतली. मागच्या सीट काढून टाकल्या आणि तिथे पाने, तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या मोटारी असा संसार मांडला. थर्ड गिअर आपोआप सुटायचा, म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटच्या नळीला बांधला होता. गिअर टाकायचा आणि वरून पट्टी अडकवायची. ही दुरुस्ती आहे की देवाला घातलेलं साकडं, असं मी विचारायचे. तो म्हणायचा, तुले चालवाची हाय का?

सेकंड मात्र पट्टीनंही ऐकत नसे. दांडा गुडघ्याला लागेपर्यंत बाहेर ओढायचा, जरा पिळायचा आणि मग मागे घ्यायचा. तेवढ्या वेळात खालून पत्र्यावर कुणी मूठभर बोल्ट ओतावेत तसा खडखडाट व्हायचा. आमच्या घराच्या अलीकडे रस्ता काटकोनात वळतो, तिथे सेकंड टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. तो आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. आई हातातलं काम सोडून चहा ठेवायची, भरपूर अद्रक घालून. तो गाडी लावून, हातपाय धुऊन आत येईपर्यंत चहा कपात असायचा. येतो म्हणून त्यानं कधी फोन केला नाही. गरजच नव्हती.

दादा गेला तो एका मळ्यावर, विहिरीच्या काठाशी, मोटार बाहेर काढत असताना. तिथल्या लोकांनी त्याला त्यांच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, पण तोपर्यंत संपलं होतं. मग कुणीतरी व्हॅनही घरी पोचवायला हवी आणि निरोपही, म्हणून त्या मळ्याचा मालक स्वतः व्हॅन घेऊन निघाला. त्याला सेकंड काही सापडेना. वळणावर नेहमीपेक्षा बराच वेळ खडखड झाली. मी त्या दिवशी घरीच होते. आज काय झालं ह्याला, असं म्हणत आईनं चहा ठेवला.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा फाटकात तो माणूस उभा होता. आईनं, कोण तुम्ही, असंही विचारलं नाही. दादाबरोबर आलेलं कुणीतरी असेल, तो मागून येत असेल, असं तिला वाटलं असावं. तिनं कप पुढे केला. त्या बिचाऱ्यानं तो घेतला. उभ्या उभ्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप ओट्यावर ठेवला आणि मग सांगितलं.

पुढे सगळ्यांनी व्हॅन विकायचा सल्ला दिला. काका म्हणाले, बाईमाणसाच्या हातात ही खटारा गाडी शोभते का. काकांनी एवढं बोलायला नको होतं. मी व्हॅन चालवायला शिकले आणि तीच घेऊन रोज अकोल्याला शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत येताना वळणावर दांडा गुडघ्यापर्यंत ओढला, खडखडाट झाला, घरी आले. गॅसवर अद्रकाचा चहा उकळत होता. मला अद्रक चालत नाही, हे आईला मी लहान असल्यापासून माहीत आहे.

मग हे रोजचंच झालं. मी आत शिरले की आई दाराकडे बघायची. एक क्षण तिचा चेहरा वेगळाच असायचा. मग तो उतरायचा आणि ती म्हणायची, आलीस का, बस. चहा ती स्वतःच पिऊन टाकायची. आमच्या घरात मोटारीच्या वाइंडिंगपासून तुरीच्या भावापर्यंत सगळं बोललं जातं, हे सोडून. पण दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून झाल्यावर मला भीती वाटायची ती त्या एका क्षणाची. रोज संध्याकाळी मी तिच्या मुलाला दारापर्यंत आणते आणि उंबऱ्यात मारते, असं वाटायचं. तिचं हे असंच चालू राहिलं तर ती वेडी होईल, अशी माझी खात्री झाली होती. तो आवाज बंद करायलाच हवा होता.

अकोल्यातले मिस्त्री कामाचे नव्हते, कारण ते सगळे दादाला ओळखत होते. एकानं दांड्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागला. दुसरा म्हणाला, ताई, हे राहू द्या, भाऊची निशाणी हाय. निशाणीला घेऊन चढावर थर्ड टाकून दाखवा, असं मी त्याला म्हटलं. शेवटी एका रविवारी सरळ अमरावती गाठली. पूर्ण रस्ताभर ट्यूबच्या पट्टीवर हात ठेवून.

बडनेऱ्याच्या रस्त्यावरचा हा मिस्त्री अखंड बडबड्या होता आणि त्याला दादा माहीत नव्हता, त्यामुळे मला तो एकदम पसंत पडला. त्यानं खालून सगळं उघडलं. दांड्याच्या बुडाशी एक गोळा असतो, तो वाटीत फिरतो, आणि पुढे गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळईला बुश, म्हणजे बारीक कड्या, असतात. त्यातलं प्लॅस्टिक झिजून भुगा झालं होतं. त्यानं तो भुगा तळहातावर घेऊन मला दाखवला, वर स्वतःच हसला. साधे बुश टाकले तर पुन्हा झिजतील, पक्कं काम हवं असेल तर लेथवर पितळेचे करून आणतो, गोळा नवा, स्प्रिंग नवी, दांडाही थोडा आखूड करतो, असं म्हणाला. मी म्हटलं, पक्कंच करा.

"थोडीशी ढील ठेवू का, मॅडम? जुन्या गाडीले बरी राहते."

"नको," मी म्हटलं. "आवाजच नको."

ट्यूबची पट्टी सोडवायला त्यानं गाठ उकलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग ब्लेडनं कापली. मी त्याच्यावर उगाचच खेकसले, की सीटला ब्लेड लागेल. सीटचं मला काय होतं. ती गाठ दादानं मारलेली होती. मिस्त्रीनं पट्टीचे दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि दुसऱ्या गाडीविषयी बोलायला लागला.

परतीच्या रस्त्यावर गिअर लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते. मूर्तिजापूरपर्यंत तर मी चक्क खूश होते, गरज नसताना गिअर बदलून बघत होते. मग एका रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं. न्यूट्रल केलं आणि सवयीनं डावीकडे बघितलं. दांडा हलत नव्हता. इतके महिने मी ही गाडी चालवत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत एकटी होते. फाटक उघडेपर्यंत मला त्या सीटवर बसवेना.

वळणावर सेकंड पडला. काही ऐकू आलं नाही.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी दारात उभी राहिले तरी तिला कळलं नाही. हाक मारली तेव्हा ती केवढ्यानं दचकली, मांडीवरचं ताट उलटलं. कधी आली म्हणाली. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, अमरावतीला जाऊन गिअर नवा करून आणला, आता कसलाही आवाज नाही. ती खाली पडलेल्या पाकळ्या वेचत राहिली. मग वर न बघताच बोलली.

"तुले वाटलं, माय खुळी झाली."

मी तिच्यासमोर बसून पाकळ्या वेचू लागले.

"थो नाई, हे मले ठाऊक नव्हतं का? दारात तूच येशीन, हे बी ठाऊक होतं. पण वळणापासून फाटकापर्यंत थो रोज येऊन राहिला होता, पोरी."

आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे येत होता, एवढंच. पुण्याकडच्या माणसाला त्याचा अर्थ आला आणि राहिला, असा लागतो, आणि त्यावरून आमची थट्टाही होते. त्या संध्याकाळी मला ते दोन्ही अर्थांनी ऐकू आलं. मी म्हटलं, उद्याच अमरावतीला जाते, होतं तसं ढिलं करून आणते. मला रडू फुटलं होतं.

"नको," ती म्हणाली. "मुद्दाम केलेला आवाज घेऊन मी काय करू?"

आता संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसते, मी आलेलं कळावं म्हणून. गाडी वळली की तिला काचेतून लांबूनच मी दिसते. तिथून फाटकापर्यंत ती माझ्याकडे बघत राहते. मी सेकंडमध्ये अगदी हळू गाडी आणते. तिला दाखवायला माझ्याशिवाय आता गाडीत कुणी नाही.