फोटोखालचं नाव

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याचा फोटो काढलेला नाही असा माणूस सोलापुरात सापडणार नाही, आणि त्या फोटोवरून ज्याच्याशी त्यांचं वाजलेलं नाही असाही सापडणार नाही. नवी पेठेत खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर बिऱ्हाड. त्यांच्यासोबत भाजी आणायला निघालं तरी तास मोडतो, कारण वाटेत चौकाचौकात डिजिटल फलक. वाढदिवसाचा असो नाहीतर निवडीचा, मामा खाली उभे राहून बोट रोखतात, "ह्यो फोटो माझा हाय. इचारलं का कुणी?" एकदा फलकावरचा माणूसच समोर आला. म्हणाला, "मामा, तोंड तर माझं हाय की!" मामा म्हणाले, "तुझंच हाय. पण एरवी एवढं बरं दिसतंय का?"

दुकानात परवानगीची वही आहे. फोटो कुठे लावणार ते लिहायचं आणि सही करायची. वळसंगच्या एका नवरदेवाकडून त्यांनी व्हॉट्सअॅपच्या डीपीसाठीसुद्धा लिहून घेतलं होतं. ओळखीच्या वकिलांनी समजावलं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क बहुधा गिऱ्हाइकाचाच. "हक्क त्याचा असंल," मामा म्हणाले, "नजर माझी हाय की!" फोटोखाली बारीक अक्षरात काढणाऱ्याचं नाव यावं, एवढंच त्यांना आयुष्यभर हवं होतं. फलक छापणारे मान डोलवायचे आणि त्या जागेत शुभेच्छुकांची आणखी चार तोंडं बसवायचे. मामा खरोखर कष्टी व्हायचे, जेवायचे नाहीत.

त्यांच्या सत्तरीला आम्ही गुपचूप दुकानासमोर फलक लावायचं ठरवलं, तर सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटोच नाही! शेवटी एक मिळाला. मामा नवा कॅमेरा शिकवत असताना मामींनी काढलेला, जरा तिरका, एक कान कापलेला. मी तो उचलणार, तोच मामींनी वही पुढे सरकवली. "जावईबापू, आधी लिवा."

सकाळी मामा फलकाखाली तणतणत आले. "माझा फोटो कुणाला इचारून लावला?" मी खाली बोट दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, 'छायाचित्र : सौ. मामी. त्यांच्या परवानगीने.' मग त्यांनी तिथूनच वर मामींना फोन लावला, "अगं, खाली ये की. तुझं नाव लागलंय."

आठवड्याने फलक उतरला. मामांनी स्वतःचा चेहरा गच्चीवरच्या सरपणावर झाकायला टाकला आणि नावाची पट्टी तेवढी कापून, चौकट करून दुकानात लावली. हल्ली गिऱ्हाईक कमीच असतं, सगळ्यांच्या खिशात कॅमेरा. पण जो येईल त्याला मामा आधी ती पट्टी वाचायला लावतात. "लई चांगला फोटो होता," म्हणतात. त्यांचं स्वतःचं नाव मात्र अजून कुठल्याच फोटोखाली आलेलं नाही, आणि आताशा ते त्याबद्दल भांडतही नाहीत. त्यांनी भांडायला हवं, असं मला फार वाटतं.