रिळाच्या डब्याचं झाकण

गेल्या रविवारी दुपारी नात मोबाइलवरची मालिका टीव्हीला जोडून बघत होती. नववीतली पोरगी. शेजारी तिची आई, म्हणजे माझी मुलगी, शेंगा फोडत बसलेली. दोघी इचलकरंजीहून आल्या होत्या. मालिकेतली मुलगी वर्गात बाकावरून उठते, कपड्यावरचा डाग बघून घाबरते, आणि मागच्या बाकावरचा मुलगा काही न बोलता आपला स्वेटर तिला कमरेला बांधायला देतो.

मी रिमोट चाचपडायला लागलो.

"आबा, रिमोट माझ्याजवळ हाय," नात म्हणाली. "मी बघतोय न्हवं?" आमच्याकडच्या पोरी अजून 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. मला ते फार गोड वाटतं.

माझी मुलगी हसली. ती मला आप्पा म्हणते. "आमच्या वेळंला असलं कोण दाखवत हुतं? एका सिनेमात आलंतं, तर नेमका तिथंच पडदा काळा. आप्पांच्याच टॉकीजला. कार्बन विझला म्हणं."

कार्बन विझला नव्हता.

मी नोकरीभर कोल्हापुरातल्या एका टॉकीजला ऑपरेटर होतो. तेव्हा मशीनच्या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर लावायच्या आणि त्यांच्यामधल्या ज्योतीच्या उजेडावर सिनेमा चालायचा. कांडी झिजली की पडदा अंधारायचा, खालून शिट्ट्या आणि शिव्या सुरू. कांडी पुढं सरकवली की पुन्हा सगळे गप्प. त्यामुळे अंधार झाला तर कुणी संशय घेत नसे, आणि बायकांच्या खास खेळाला मी त्याचाच फायदा घ्यायचो. पडद्यावरचं पोरगं-पोरगी एकमेकांच्या फार जवळ आली की रिळाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण भिंगापुढं धरायचं आणि आवाज बारीक करायचा. मालकांनी कधी तसं सांगितलं नव्हतं. बायकांची अब्रू आपण राखतोय असं मलाच वाटायचं. पुरुषांच्या खेळाला मात्र झाकण डब्यावरच असायचं.

त्या सिनेमात एक लहान मुलगी मोठी होते. परकरावर डाग बघून ती परसात रडत बसते. आई येते, तिला जवळ घेते, समजावते. एवढाच प्रसंग. त्यात पोरगं नाही, गाणं नाही. पण त्या दिवशी माझी बायको आमच्या मुलीला घेऊन खाली बसली होती. मुलगी बारा-तेराची. पडद्यावरची मुलगी रडायला लागली तेवढं मी जाऊ दिलं. तिची आई दारात आली आणि माझा हात झाकणाकडं गेला.

झाकण काढलं तेव्हा पडद्यावर साडीतली तरुण नायिका आली होती. मोठेपणीचं काम दुसऱ्या नटीचं. बायकांना ते कळलं. माझ्या पोरीला कळलं नाही.

त्याच वर्षी शाळेच्या सुट्टीत ती मुरगूडला मामाकडं गेली. मी आणायला गेलो तर ती गोठ्याजवळ एकटी बसलेली. मामी म्हणाली, कालपासनं जेवली न्हाई, बोलंना. एसटीत खिडकीजवळ बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "आप्पा, त्या सिनेमातली बारकी पोरगी मेली न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई ग."

"मग परत दिसली का न्हाई?"

तिला काय झालंय ते मला लगेच समजलं. तिला जवळ घेऊन चार वाक्यं बोलायची होती. मी म्हणालो, "घरी गेल्यावर आईला विचार," आणि कागल येईपर्यंत उसाकडं बघत राहिलो. शेजारी माझं लेकरू मरणाची वाट बघत बसलं होतं.

रविवारी मुलीचं बोलणं ऐकून हे सगळं आठवलं.

"कार्बन न्हवता विझला," मी म्हणालो. "मी झाकण धरलंतं."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. नातीनं मालिका थांबवली.

"कशाला?" मुलीनं विचारलं.

"तू खाली बसलीवतीस म्हणून."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मला तवाच कळलंतं. कार्बन गेला तर उजेड जाईल, आवाज कसा जाईल?"

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस ती?"

"तुमी कवा बोलताय बघत बसलो."

मुलीनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, ती मेली. आता माझा नंबर. मामाच्या गोठ्यात बसून म्हशीला सांगत हुतो, मी आता जातो म्हणून." ती हसली. "सांगा मग आता. ती आई काय म्हणालीवती?"

मला वाक्यं पाठ होती. रोजच्या खेळांना ऐकलेली. पण आपल्या तोंडानं, आपल्या लेकीला कधी सांगितली नव्हती. तिच्याकडं बघून मी म्हणालो, "रडू नकोस. तुला काही झालेलं नाही. हे मला आलं, माझ्या आईलाही आलं. ये, आधी गरम पाणी घे."



"एवढंच व्हय?" मुलगी म्हणाली. डोळे पुसत ती हसायला लागली. "आवं आप्पा, माझं बंद व्हायची वेळ आली, तवा सांगताय!"

नात इतकी हसली की सोफ्यावरून घसरली. आतून बायकोचंही हसू ऐकू आलं. मग मलाही हसू आलं. टॉकीजचं मशीन चांगलं होतं, अंधार माझ्या हातानं झाला, एवढं मात्र मला लिहून ठेवायचंच होतं.

नातीनं मालिका पुन्हा लावली. शाळेच्या जिन्यावर तो स्वेटरवाला मुलगा आणि ती मुलगी बसली होती. तो काहीतरी सांगायला तिच्याकडं झुकला. रिमोट आता माझ्याच खुर्चीजवळ पडला होता. माझी बोटं हलली असावीत, कारण मुलीनं पडद्यावरची नजर न काढता सोललेल्या शेंगदाण्यांची ओंजळ माझ्या हातांत ओतली.

दोन्ही हात भरून गेले. मी तसाच बसून पुढचं बघितलं.